मीठ, तुरुंगातली भाकरी आणि देशाचा हिशोब



२०२५ च्या मार्चमध्ये जागतिक आनंदाचा अहवाल आला. त्यात १४७ देशांत भारत ११८ वा. त्याच सुमारास आपली अर्थव्यवस्था जगात चौथी की पाचवी, याच्याही बातम्या चालू होत्या. मोबाइलवर दोन्ही निरोप पाठोपाठ आले. निम्मे लोक पहिल्यावर चिडले, उरलेले दुसऱ्यावर हसले. माझ्या भाच्यानं विचारलं, "मामा, तुम्ही आयुष्यभर आकड्यांत काढलंत. यातलं खरं कुठलं?"

मी म्हटलं, दोन्ही खरे असू शकतात. दुकानाची उलाढाल कोटीची असते आणि मालकाच्या घरी दूधवाल्याचं बिल थकलेलं असतं. मी अशी खाती पाहिली आहेत. शिवाय तो आनंदाचा अहवाल म्हणजे काही देवाचा शब्द नाही. प्रत्येक देशात साधारण हजारभर माणसांना विचारतात, की शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी समजा, तुमचं आयुष्य कितव्या पायरीवर आहे? तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढतात. आपल्याकडे "कसं काय?" विचारलं तर "चाललंय" म्हणतात. ते चारात धरायचं की सहात, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

पण हा वाद मुळात नवा नाही. दीडशे वर्षं जुना आहे. त्याच्या सुरुवातीला उभा असलेला माणूस आपल्या बडोद्याचा दिवाण होता, म्हणून हे लिहायला घेतलं.

दादाभाई नौरोजी म्हटलं की पाठ्यपुस्तकातली पांढरी दाढी आणि पारशी टोपी एवढं आठवतं. मल्हारराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, १८७४ मध्ये ते इथे दिवाण होते हे आता इथल्या मुलांनाही माहीत नसतं. त्यांच्याबरोबर मुंबईहून आलेल्या मंडळींत बाळ मंगेश वागळे हे वकीलही होते. न्यायखातं त्यांच्याकडे होतं. निवाड्यासाठी नजराणे घेण्याची जी वहिवाट पडली होती ती मोडायचा या लोकांनी प्रयत्न केला. पण एकीकडे लहरी महाराज, दुसरीकडे रेसिडेंट कर्नल फेअर, आणि मध्ये हे. वर्षभरातच, १८७५ च्या सुरुवातीला दादाभाई राजीनामा देऊन गेले. त्याआधी फेअरवर विषप्रयोग झाल्याचं प्रकरण उभं राहिलं होतं, पुढे त्यावरून मल्हाररावांची गादी गेली, आणि नाशिककडच्या कवळाण्याहून एक मुलगा दत्तक आणला गेला. ती गोष्ट आपल्या घराघरांत पाठ आहे, इथे लांबवत नाही.

दादाभाई मुंबईला परतले आणि १८७६ मध्ये त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर एक निबंध वाचला. मूळचे ते गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रश्न असा घेतला की या देशात दरवर्षी एकूण पिकतं किती आणि ते माणशी किती येतं? आज हे काम करायला एक मोठं खातं आहे. त्यांनी सरकारचेच छापील अहवाल समोर घेतले आणि प्रांतवार हिशोब मांडला. मुख्य पीक कोणतं, किती एकरांत, एकरी उतारा किती, भाव काय.

ते करताना त्यांना सरकारी अहवालातली एक गंमत सापडली. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाचा पोरगाही हसेल अशी. सरकारी कारकून सरासरी काढताना जिल्ह्यांचे आकडे नुसते बेरीज करून जिल्ह्यांच्या संख्येनं भागत. म्हणजे समजा, एका जिल्ह्यात लाख एकरांत एकरी दहा मण पिकतं आणि दुसऱ्यात हजार एकरांत तीस मण. यांची सरासरी वीस मण! खरी सरासरी दहाच्या जेमतेम वर जाते. कोणत्या जिल्ह्यात जमीन किती, हे बघायचंच नाही. साहेबाच्या टेबलावर मात्र भरघोस वीस मण. दादाभाईंनी ते सगळं दुरुस्त करून घेतलं. मला तरी हा त्यांच्या देशभक्तीचा सगळ्यात पक्का पुरावा वाटतो. भाषणं पुष्कळांनी केली. भागाकार तपासायला कितीजण बसले?

ब्रिटिश हिंदुस्थानातलं १८६७-६८ च्या सुमाराचं उत्पन्न त्यांनी काढलं ते ३४० कोटी रुपये, माणसं १७ कोटी. म्हणजे माणशी वर्षाला २० रुपये.

दुसरा कोणी असता तर इथे थांबला असता. आकडा मिळाला, छापला, झालं. दादाभाई थांबले नाहीत. त्यांना विचारायचं होतं की २० रुपयांत माणूस जगतो का. पण "जगायला किती लागतं" हे त्यांनी स्वतः ठरवलं असतं तर साहेब म्हणाले असते, हा तुमचा अंदाज. म्हणून त्यांनी सरकारचंच माप सरकारपुढे ठेवलं. मजूर भरून परदेशी जाणाऱ्या जहाजांवर माणशी काय खायला द्यावं याची यादी सरकारी वैद्यकीय निरीक्षकानं केलेली होती. तांदूळ किंवा पीठ, डाळ, थोडं मटण, भाजी, तूप, तेल, मीठ. हा शिधा काम करणाऱ्याचाही नव्हे. जहाजावर स्वस्थ बसून राहणाऱ्याला तग धरायला लागेल तेवढा. आणि दुसरं माप तुरुंगाचं. कैद्याच्या अन्नावर आणि कपड्यांवर प्रत्येक प्रांतात किती खर्च होतो हे तुरुंगखात्याच्या अहवालात छापलेलं असे. दादाभाईंनी दोन रकाने शेजारी शेजारी मांडले. एकात त्या प्रांताचं माणशी उत्पन्न, दुसऱ्यात कैद्याचा खर्च. बहुतेक ठिकाणी कैद्याचा रकाना मोठा निघाला.

निव्वळ जगण्यापुरता खर्च त्यांनी प्रांताप्रांताप्रमाणे वर्षाला १६ ते ३५ रुपये धरला. वर त्यांनी हेही सांगितलं की २० रुपये ही सरासरी आहे. त्यात गोऱ्या अंमलदारांचे पगार, जमीनदार, सावकार सगळे आले. गरिबाच्या पदरात २० सुद्धा पडत नाहीत.

सरकारनं काय केलं? दुसरा आकडा काढला. १८८२ मध्ये बेअरिंग आणि बार्बर या साहेबांनी माणशी २७ रुपये सांगितले. १९०१ मध्ये कर्झननं ३० सांगितले. म्हणजे वाढ झालीच की! त्या मधल्या वर्षांत दोन भयंकर दुष्काळ पडून गेले होते. २० की २७ की ३० यावर वर्षानुवर्षं कागद काळे झाले, आणि तो कैद्याचा रकाना मात्र हळूच बाजूला पडला.

तो पुन्हा पुढे आणला गोपाळ कृष्ण गोखल्यांनी, पण वेगळ्या वाटेनं. ही वाट मला जास्त जवळची, कारण ती थेट जमाखर्चाची आहे.

१९०२ सालचा मार्च महिना. कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रक मांडलं गेलं. सात कोटींची शिल्लक. सलग चौथं वर्ष शिल्लक पडत होती आणि सरकारचं म्हणणं, बघा, देशाची स्थिती मुळात भक्कम आहे. दुष्काळ आला तरी तिजोरी भरलेली! गोखले मंडळात नवे होते, वय ३५. फर्ग्युसनमध्ये शिकवलेलं, अंकगणिताचं पुस्तक लिहिलेलं. (आकड्यांवरून सरकारशी भांडणारे आपले हे दोन्ही पुढारी गणिताचे मास्तर होते, हा योगायोग मला मानवत नाही.) २६ मार्चला ते बोलायला उभे राहिले आणि त्यांनी ती शिल्लक उलगडून दाखवली.

त्यांचा मुद्दा सोपा करून सांगतो. लंडनला दरवर्षी जो खर्च पाठवावा लागे तो पौंडात. रुपया घसरला की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये लागत. म्हणून रुपया घसरलेला असताना सरकारनं कर वाढवले. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. पुढे १८९३ मध्ये टांकसाळी खासगी लोकांना बंद केल्या आणि रुपया कृत्रिम रीतीनं महाग झाला. १३ पेन्सांच्या आसपास आलेला रुपया १६ पेन्सांवर गेला. लंडनचा खर्च कोट्यवधी रुपयांनी हलका झाला. पण वाढवलेले कर? ते तसेच राहिले. मग शिल्लक पडणारच. गिऱ्हाइकाकडून जुन्या चढ्या दरानं व्याज घेत राहायचं आणि नफा झाला की आपल्या हुशारीचा म्हणायचा, त्यातला प्रकार. तिजोरी फुगली याचा अर्थ रयत सुखात आहे असा होत नाही, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितलं.

मग रयतेची स्थिती कशावरून कळणार? गोखल्यांनी जी मापं पुढे केली त्यांत एक होतं मिठाचं. मीठ ही अशी वस्तू, की माणूस कितीही गरीब असो, पोटाला पुरेसं मिळत असेल तर मीठ कमी करत नाही. गुरांनाही लागतं. लोकसंख्या वाढते आहे आणि माणशी मिठाचा खप मात्र खाली जातो आहे, हे सरकारच्याच मिठाच्या खात्यात दिसत होतं. तुमची शिल्लक खरी मानायची की ते मीठ? पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठाचा कर अडीचवरून दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. सगळं श्रेय एका भाषणाला देणं बरोबर नाही, पण गोखले दरवर्षी त्या खुर्चीवरून तेच मीठ सरकारपुढे ठेवत राहिले.

इथे एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. गणेश व्यंकटेश जोशी. सार्वजनिक काका वेगळे, ते गणेश वासुदेव. हे सरकारी शाळेत शिक्षक होते. शाळेचं काम सांभाळून सरकारी अहवाल चाळायचे, तक्ते करायचे, आणि गोखल्यांच्या आर्थिक भाषणांमागचा आकड्यांचा बराचसा कच्चा माल त्यांनी पुरवलेला होता. त्यांचा पुतळा मी कुठे पाहिलेला नाही.

आता बडोद्याकडे येतो. इतिहास म्हणून मलाही हे वाचूनच माहीत, पण थोडं घरातून आलेलंही आहे.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली गावात आणि आसपासच्या काही खेड्यांत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. १९०६ मध्ये ते सबंध राज्याला लागू केलं. या दोन सालांच्या मध्ये काय झालं ते बघितलं पाहिजे. मध्ये छप्पन्नाचा दुष्काळ झाला. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. इथले गुजराती शेजारी अजून "छप्पनियो" म्हणतात. १८९१ च्या खानेसुमारीत राज्याची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. पाचातला जवळजवळ एक माणूस कमी. असा फटका बसल्यावर कोणताही दिवाण म्हणाला असता की शाळांचा खर्च आता दहा वर्षं राहू दे, आधी महसूल वर येऊ दे. महाराज दुष्काळात स्वतः राज्यात फिरले, त्या दौऱ्याची टिपणं पुढे छापली गेली. आणि राज्य सावरेपर्यंत वाट न बघता त्यांनी सहाच वर्षांत शाळा सक्तीची केली.

माझे आजोबा राज्याच्या शाळाखात्यात होते, काही वर्षं अमरेली प्रांतात मास्तर. ते सांगत, की मास्तराकडे दोन पुस्तकं असत, हजेरीचं आणि गैरहजेरीचं. दुसऱ्या पुस्तकावरून पालकाला दंड व्हायचा. कापूस वेचणीला पोरं लागत, मुलींना धाकटी भावंडं सांभाळायला घरी ठेवत, आणि दंडाची चिठ्ठी घेऊन बाप शाळेच्या दारात उभा. आजोबांना ते आवडत नसे. "अरे, ज्याच्याकडे पाटीला पैसे नाहीत त्याच्याकडून दंड कसला घेता?" असं ते डिपोटीला म्हणाले होते म्हणे. या दंडावरून महाराजांवर टीका झालीच आणि ती खोटी नव्हती. चांगल्या मापाचाही असा जाच होऊ शकतो. हजेरी भरली म्हणजे पोरगं शिकलं, असं खात्याला वाटायला लागतं.

महाराजांच्या हे लक्षात आलं असावं, कारण पुढची पायरी त्यांनी त्याच दुखण्यावर घातली. चार इयत्ता शिकलेलं पोरगं शेतावर गेलं की पाच-सात वर्षांत अक्षर विसरतं. मग शाळेचा खर्च कशाला? म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून राज्यभर वाचनालयं उभी केली. गावानं काही रक्कम जमवली की तेवढीच प्रांत पंचायतीची आणि तेवढीच राज्याची. जिथे वाचनालय नाही तिथे लाकडी पेटीतून पुस्तकं जात. मांडवीजवळच्या आपल्या सेंट्रल लायब्ररीची ती काचेची जमीन आणि लोखंडी मांडण्या पाहायला बाहेरगावचे पाहुणे नेतोच आपण. पण त्या पेट्यांचं मोल मला जास्त वाटतं. शाळेत किती पोरं आली हे मोजून झाल्यावर ती दहा वर्षांनी वाचतात का, असा पुढचा प्रश्न विचारणारं राज्य त्या काळात दुसरं सहसा सापडत नव्हतं.

गोखल्यांनी १९११ मध्ये कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्या हाताशी होतं. एक संस्थान जे करतं ते साम्राज्याला झेपत नाही का, हा त्यांचा सवाल. मागणी तरी किती नेमस्त! पालिकांना आणि जिल्हा बोर्डांना, त्यांना वाटलं तर, सक्ती लागू करायची मुभा द्यावी. मार्च १९१२ मध्ये मतं पडली. बाजूनं १३, विरुद्ध ३८. विरोधात आपलेही काही लोक होते.

पुढचा भाग भराभर सांगतो, तो सगळ्या पुस्तकांत आहे. १९३४ मध्ये सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकेच्या सिनेटसाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशोब केला. मंदीत ते जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. त्याच अहवालात त्यांनी बजावलं होतं की या आकड्यावरून लोकांच्या कल्याणाचा अंदाज बांधू नका. आकडा सगळ्यांनी उचलला, सूचना कोणी उचलली नाही. आपल्याकडे १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. अध्यक्ष महालनोबीस, सभासद पुण्याचे धनंजयराव गाडगीळ आणि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव. कुझनेट्स त्यांना सल्ला द्यायला होते. दादाभाईंच्या पहिल्या रकान्याचं काम अशा रीतीनं सरकारनंच नीट हाती घेतलं, हे उत्तमच झालं. दुसऱ्या रकान्याला मात्र १९७१ उजाडावं लागलं. गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी रोज २२५० उष्मांक मिळायला किती खर्च येतो ते काढलं आणि सांगितलं, खेड्यांत ४० टक्के आणि शहरांत ५० टक्के लोक याच्या खाली आहेत. म्हणजे जहाजावरचा तो शिधाच, शंभर वर्षांनंतर.

मी कॉमर्सवाला, म्हणून एक गोष्ट खटकते ती सांगतो. जीडीपी ही ढोबळ बेरीज आहे. त्यात घसारासुद्धा वजा नसतो. कुठल्याही कारखान्याचं पत्रक घसारा न काढता माझ्यापुढे आलं असतं तर मी परत पाठवलं असतं. नदी नासली, जंगल तुटलं, हा घसारा तर निव्वळ आकड्यातही येत नाही. उलट नासलेल्या पाण्यापायी आजारी पडून दवाखान्यात जो खर्च होतो तो जमेला धरतात. घरची बाई दिवसभर राबते ते शून्य. तीच कामं बाहेरून पैसे देऊन करून घेतली की उत्पन्नात वाढ.

आणि नोकरीत जे पाहिलं ते थोडक्यात. ऐंशीच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकासाची कर्जं आम्ही वाटत होतो. म्हशीचं कर्ज त्यात सगळ्यात जास्त. दर महिन्याला वर पत्रक जायचं. लाभार्थी किती, रक्कम किती, अनुदान किती. लक्ष्य पुरं झालं की शाबासकी. म्हैस दूध देते का, म्हैस आहे का, असा रकाना त्या पत्रकात नव्हता. तपासणीला जाताना तीच म्हैस दोन वाड्यांत दिसल्याचे किस्से प्रत्येक शाखेत होते. एका गावची विधवा बाई मला म्हणाली होती, "साहेब, म्हैस दिली, चारा कोण देणार?" तिच्या वाट्याला जमीन नव्हती. आमच्या पत्रकात ती यशस्वी लाभार्थी होती, कारण रक्कम वाटून झाली होती. तिनं पुढे म्हैस विकून हप्ते फेडले, तेव्हा वसुलीच्या रकान्यातही ती यशस्वीच ठरली.

असंच काहीसं पाकिस्तानात एका मोठ्या माणसाच्या लक्षात आलं. महबूब उल हक, जन्म जम्मूचा, पाकिस्तानच्या नियोजन मंडळाचे मुख्य अर्थतज्ज्ञ. अयूबखानांच्या काळातल्या विकासाचा सरकार उत्सव करत होतं. १९६८ मध्ये याच गृहस्थांनी जाहीर सांगितलं की देशाच्या उद्योगधंद्यांचा जवळजवळ दोन-तृतीयांश हिस्सा २२ घराण्यांच्या हातात आहे. आकडे स्वतः वाढवणाऱ्यानंच असं बोलावं याला धारिष्ट लागतं. याच हकांनी १९९० मध्ये, अमर्त्य सेन यांची मदत घेऊन, संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक आणला. उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण. अमरेलीचं हजेरीबुक अखेर जगाच्या पत्रकात आलं म्हणायचं.

आता भूतान. त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि हल्ली सुखाचा विषय निघाला की लोक भूतानचंच नाव घेतात.

तिथले राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक १९७२ मध्ये सोळाव्या वर्षी गादीवर आले. असं सांगतात, की १९७९ मध्ये हवानाच्या अलिप्त राष्ट्र परिषदेहून परतताना मुंबईच्या विमानतळावर आपल्या पत्रकारांनी त्यांना देशाच्या उत्पन्नाबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले की आम्हाला उत्पन्नापेक्षा राष्ट्रीय सुख महत्त्वाचं वाटतं. म्हणजे हा मंत्र जगानं ऐकला तो मुंबईत! पुढे त्यांनी खरोखर माप तयार केलं. नऊ क्षेत्रं, ३३ निर्देशक, लांबलचक प्रश्नावली. आरोग्य, शिक्षण, झोप आणि कामाचा वेळ, शेजारपाजार, जंगल. नऊपैकी सहा क्षेत्रांइतकं ज्याला पुरेसं आहे तो सुखी. राज्यघटनेनुसार ६० टक्के जमीन जंगलाखाली ठेवावीच लागते. दवाखाना, शाळा फुकट. हे सगळं मनापासून केलेलं काम आहे, आणि आनंदाच्या शिडीपेक्षा मला ते पुष्कळ पक्कं वाटतं.

पण त्याच राजांच्या कारकिर्दीत आणखी एक मोजणी झाली. दक्षिण भूतानमध्ये नेपाळी बोलणारी माणसं होती, पिढ्यान् पिढ्या शेती करणारी. त्यांना ल्होत्शाम्पा म्हणतात. १९८५ मध्ये नागरिकत्वाचा नवा कायदा आला आणि १९८८ मध्ये त्या भागात खानेसुमारी झाली. तुम्ही १९५८ मध्ये इथे राहत होतात याचा पुरावा दाखवा. १९५७ नको, १९५९ नको. त्याच सालची जमिनीच्या कराची पावती. तीस वर्षांपूर्वीची! ज्याच्याकडे नाही तो परका. १९८९ मध्ये सगळ्यांना उत्तरेकडचा पोशाख सक्तीचा झाला आणि शाळेतून नेपाळी भाषा गेली. विरोध झाला, धरपकड झाली, आणि त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत सुमारे एक लाख माणसं देशाबाहेर गेली. देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे सहावा हिस्सा. पूर्व नेपाळमध्ये झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या सात छावण्यांत बांबूच्या झोपड्यांत ती पंधरा-सतरा वर्षं राहिली. २००७ नंतर बहुतेकांना अमेरिकेत आणि इतर देशांत पाठवलं.

सुखाची पहिली पाहणी २००८ मध्ये झाली. तेव्हा ही माणसं छावण्यांत होती, त्यांना कोणी प्रश्नावली दिली नाही. त्या ३३ निर्देशकांत एक निर्देशक स्वतःची मातृभाषा बोलता येण्याचा आहे.

दादाभाईंनी कैद्याला मोजणीत आणलं होतं. गोखल्यांनी मीठ न परवडणाऱ्याला आणलं. भूतानचं माप या दोघांच्या मापांपेक्षा कितीतरी बारकाईनं केलेलं आहे, पण सुरुवातीलाच माणसं कमी करून घेतली. बँकेत याला आम्ही बुडीत खाती काढून टाकून वसुलीची टक्केवारी वाढवणं म्हणत होतो.

आपण बडोदं, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादची मंडळी. दोनशे-अडीचशे वर्षं एखाद्या गावात राहूनही "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न आपल्याला चुकलेला नाही. बडोद्यात तो बहुधा प्रेमानं विचारतात, आणि आम्ही गुजरातीत उत्तर देतो. बेळगावच्या मंडळींना विचारलंत तर ते आणखी काही सांगतील. म्हणून ती १९५८ ची पावती मला विसरता येत नाही. माझ्या घरी १९५८ चं काय आहे, म्हणून मी परवा ट्रंक उघडून पाहिली. वडिलांचा मॅट्रिकचा दाखला सापडला, तो १९३८ चा. आजोबांची बदलीची दोन हुकूमपत्रं, वरती राज्याची मुद्रा. एका लग्नाचा खर्चाचा चोपडा. कराची पावती एकही नाही, घर भाड्याचं होतं.

तुमच्यापैकी कोणाकडे बडोदे राज्याच्या शाळेचं हजेरीपत्रक, दंडाची चिठ्ठी, किंवा फिरत्या वाचनालयाच्या पेटीबरोबर यायची ती पुस्तकांची यादी असेल तर कृपया फोटो काढून खाली टाका. अमरेली, नवसारी, मेहसाणा, ओखा, कुठलाही प्रांत चालेल. गैरहजेरीचं पुस्तक कोणाकडे असलं तर मला फोन करा, मी स्वतः येऊन पाहीन.